नारळाला डोळे असतात

बिवलकर मावशींच्या परसातला माड असा काही वाकला होता, की त्याचे नारळ बरोबर विहिरीच्या वाटेवर लोंबत. मावशी डोक्यावर पातेलं पालथं घालून पाण्याला जायच्या. माड तोडायचा तर नगरपरिषदेची परवानगी हवी, आणि तिथले उद्यान निरीक्षक मुळ्ये साहेब झाडांवर पोटच्या पोरांसारखी माया करणारे. मावशींचा अर्ज त्यांनी कचेरीत बसूनच फेटाळला. शेवटी मावशींनी त्यांना घरीच बोलावलं.

साहेबांनी माडाच्या खोडावरून हात फिरवला. "मावशी, नारळाला डोळे असतात. तो कधी कुणाच्या डोक्यात पडत नाही. उगाच भिता तुम्ही."

"मी खुळीच," मावशी म्हणाल्या. "बसा, चहा आणते." आणि त्यांनी खुर्ची आणून त्या वाटेवरच, नारळांच्या बरोबर खाली ठेवली.

साहेब ऐटीत बसले. तेवढ्यात वारा सुटला आणि वर काहीतरी करकरलं. साहेबांनी मान वर केली, मग गुपचूप खुर्ची उचलली आणि पडवीत जाऊन बसले.

चहा घेऊन आलेल्या मावशींनी आधी रिकाम्या वाटेकडे पाहिलं, मग पडवीकडे.

"नारळाला डोळे असतात हे ठाऊक होतं, साहेब. तुम्हालाही आहेत, हे आज कळलं."

साहेबांना हसता हसता ठसका लागला. परवानगी त्यांनी देऊन टाकली, पण दुसरा माड लावायच्या अटीवर.

"लावते की," मावशी म्हणाल्या. "पहिलं शहाळं तुमचं. पण प्यायला पडवीतच बसा हो."