सगुणी म्हणाली, "येते हं"

फार फार वर्षांमागे एका गावात एक कुंभार राहत होता, बरं का. त्याची लेक सगुणी. बाजाराच्या दिवशी ती मडक्यांची पाटी घेऊन ओढ्यापलीकडच्या गावाला जायची. वाटेत एक चिंच होती. तिच्याखाली पाटी उतरवून ती जरा दम खायची.

एकदा काय झालं, चिंचेखाली एक देखणा तरुण उभा! डोक्याला पिवळा फेटा, जमिनीवर लोळणारं धोतर. म्हणाला, "पाटी उचलू लागू का?" त्यानं नुसता हात लावला, आणि पाटी फुलासारखी हलकी झाली. सगुणी लाजली. निघताना आपण सगळेच म्हणतो तसं म्हणाली, "येते हं."

पुढच्या बाजारीही तसंच. तो मडक्यांवर टिचक्या मारून ताल धरायचा. सगुणी खुदुखुदु हसायची. घरी तव्यावर तिच्या भाकऱ्या करपायला लागल्या.

मग तिसऱ्या बाजारी ती "येते हं" म्हणाली, तशी त्यानं टाळीच वाजवली. "झालं! तीनदा कबूल केलंस. अवसेला ये. या चिंचेतच आपला संसार."

तेवढ्यात वारा आला, धोतर उडालं. बघते तर काय, पावलं उलटी!

मग घरात रडारड. भुताशी संसार म्हणजे जीवच द्यायचा की हो. आईनं मीठमोहऱ्या ओवाळल्या. बापानं चिंचेपुढे नारळ फोडला. गावच्या भगतानं अंगारा फुंकला. तर झाडातून आवाज आला, "बुवा, शिंका येतात हो! तिनं शब्द दिलाय, तिनंच मोडावा." भगत चपला टाकून पळाला.

सगुणी विचार करत बसली. एकाएकी तिला उमगलं, आणि अंगावर काटा आला. निघताना "जाते" कुणी म्हणतं का? म्हणणारं माणूस परत येत नाही, असं आई सांगायची.

अवसेच्या दिवशी दिवेलागणीला ती एकटीच गेली. तो फेटा नीट करत उभा होता.

"जाते," सगुणी म्हणाली.

त्याचा चेहरा उतरला. "असं काय गं? नेहमीसारखं म्हण की."

"जाते."

"मग तुझी मडकी कोण वाजवणार?" तो अगदी हळू म्हणाला.

जुना शब्द सगुणीच्या ओठांवर आलाच होता, बरं का. पण तिनं तो गिळला. "जाते," म्हणाली, आणि मागे न बघता चालू लागली.

पावलापावलाला वाटायचं, आता आपण काही पोचत नाही. ओढा आला, मागे पडला. मग घरचा दिवा दिसला. दारात आई उभी होती.

सगुणी म्हणाली, "आई, आले गं."

आई उंबऱ्यावर मटकन बसली, आणि रडता रडता हसायला लागली.

मग सगुणीनं पोटभर पिठलंभात खाल्ला आणि आईच्या कुशीत गाढ झोपली. पुढे सगळी सुखात राहिली. चला, आता तुम्हीही पांघरूण ओढा आणि डोळे मिटा बघू.