शेवटचा टाका

एका राज्यात ढगांतून पाणी पडत नसे, राख पडत असे. राज्याच्या उत्तरेला एक डोंगर अखंड जळत होता आणि त्याची राख वाऱ्यावर स्वार होऊन नगरावर येई. म्हणून त्या नगरावर, वेशीपासून वेशीपर्यंत, एक चांदवा ताणलेला असे. तो कापडाच्या असंख्य पट्ट्या जोडून शिवलेला होता. चांदव्याच्या आत माणसे राहत. बाहेर कोणी जात नसे. वेशीवरून पाहिले की राखेत रांगेने उभ्या काही करड्या आकृती दिसत. त्यांना नवी मुले जळके खुंट म्हणत.

चांदवा शिवण्याचे काम राजाच्या शिवणशाळेत चाले. तिथे एक जुना रिवाज होता. अख्खी पट्टी तरुणांनी शिवायची, पण शेवटचा टाका ज्येष्ठाने घालायचा आणि धागा दातांनी तोडायचा. ज्याचा शेवटचा टाका, त्याची पट्टी. राजाची शालही त्यालाच मिळे.

वल्लरी शिवणशाळेतली सर्वांत निष्णात तरुण कारागीर होती. नगरचौकावरची मोठी पट्टी तिने एकटीने शिवली. बोटे सोलवटली तरी तिने एक टाका उसवू दिला नाही. काम संपत आले तशी ज्येष्ठा सुमेधा उठून आली. शिवणशाळेतली ती सर्वांत वृद्ध. तिने वल्लरीच्या हातून सुई घेतली, एक टाका घातला आणि धागा तोडला. ना शाबासकी, ना एखादा शब्द. शाल सुमेधेच्या खांद्यावर पडली.

"आयुष्य एका टाक्यावर काढतात हे लोक," वल्लरी मैत्रिणींना म्हणाली. "दात पडले की काय तोडतील, पाहू."

ज्येष्ठांच्या दालनातही तेव्हा असेच काही चालले होते. त्यांच्या पेट्या रोज कोणीतरी उघडत असे. सुया जागच्या हललेल्या असत, दोरा कमी झालेला असे. "हाताला चटक लागली आहे पोरांना," वृद्ध चित्रांगद म्हणे. "आज दोरा, उद्या पेटीच नेतील."

मग एके दिवशी तरुण मंडळी कोरड्या विहिरीत राहणाऱ्या कालकंठ नावाच्या मांत्रिकाकडे गेली आणि म्हणाली, "आमच्या कापडात म्हाताऱ्यांचा टाका टिकू नये." ती परतल्यावर ज्येष्ठ मंडळी गेली आणि म्हणाली, "आमच्या कापडात पोरांचा टाका टिकू नये." कालकंठाने दोन्ही वेळा तथास्तु म्हटले. एकच शाप दोनदा देण्याचा योग त्याला क्वचितच येई.

त्याने एका काळ्या धाग्याची गाठ मारली. तिचे एक टोक तरुणांच्या रागाचे, दुसरे ज्येष्ठांच्या.

त्या दिवसापासून चांदवा उसवू लागला, कारण त्याच्या प्रत्येक पट्टीत दोन्ही पिढ्यांचे टाके होते. सर्वांत आधी चौकावरची पट्टी उघडली आणि वाऱ्याने फाटली. राख बाजारात पडली, पाण्याच्या हौदांत पडली, पाळण्यांत पडली. माणसे खोकू लागली आणि त्यांचा खोकला थांबेना. राजा प्रसेनाचे शिपाई शिवणशाळेत आले आणि सुमेधेला सोबत घेऊन गेले. जाताना तिने वल्लरीकडे पाहिले.

'पट्टी फाटली तरी मान हिचाच,' वल्लरीच्या मनात आले.

पण पट्टी तिने शिवलेली होती, आणि खोकणाऱ्यांत तिची आईही होती. शाप सोडवायला ती विहिरीकडे निघाली. काठावर राखेने माखलेली एक टिटवी बसली होती. ती म्हणाली, "खाली जा. तो काय मागतो ते नीट लक्षात ठेव."

कालकंठ म्हणाला, "शापाची गाठ हवी असेल तर तीन गोष्टी कराव्या लागतील. पहिली, ज्येष्ठाने स्वतःच्या हाताने ओवलेली सुई आण. दुसरी, वेशीबाहेर उभ्या असलेल्यांपैकी एखाद्या तरुणाच्या अंगावरची मूठभर राख आण. तिसरी नंतर सांगेन."

"वेशीबाहेर कोणी उभे नाही. तिथे जळके खुंट आहेत."

"मग एखाद्या तरुण खुंटाची आण," कालकंठ म्हणाला आणि हसला.

वल्लरी ज्येष्ठांच्या दालनात गेली. सारे वृद्ध हातात सुया घेऊन खिडकीकडे तोंड करून बसले होते. दोरा नेढ्याच्या डावीकडून जात होता, उजवीकडून जात होता. आत जात नव्हता.

"या," चित्रांगद म्हणाला. "पेट्या उचकायला आलात?"

"एक सुई हवी आहे, आजोबा. तुमच्या हाताने ओवलेली."

"इथे आहे कुठे? शाप लागल्यापासून सुयासुद्धा वैर धरून बसल्या आहेत. आधी बऱ्या आदल्या दिवशीच्या ओवलेल्या राहायच्या."

"त्या राहत नव्हत्या," वल्लरी म्हणाली. "आम्ही ओवत होतो. रोज सकाळी, तुम्ही येण्यापूर्वी. शाप मागितला त्या दिवसापासून थांबलो."

"सांगितले का नाही?"

"तुम्हाला वाईट वाटले असते."

चित्रांगदाने सुई मांडीवर ठेवली. तो म्हणाला, "मला वाटे, माझे डोळे अजून शाबूत आहेत."

वल्लरी रिकाम्या हाताने निघाली. वेशीचे दार तिने प्रथमच उघडले. बाहेर राख गुडघाभर होती. टिटवी पुढे पुढे उडत होती. पहिल्या खुंटापाशी ती थांबली आणि म्हणाली, "पूस."

वल्लरीने हाताने राख पुसली. खाली कपाळ होते. कपाळावर सुरकुत्या होत्या, त्यावर पांढरे केस होते आणि मिटलेल्या दातांत धाग्याचा तुकडा होता. तिने दुसरा खुंट पुसला, तिसरा पुसला. ती रांगेच्या शेवटापर्यंत पुसत गेली. सगळे वृद्ध होते. सगळ्यांच्या दातांत धागा होता.

रांगेच्या टोकाला सुमेधा उभी होती. राख तिच्या कमरेपर्यंत चढली होती आणि कमरेखाली आता सुमेधा नव्हती, राखच होती.

"पट्टी फाटली की जिचा शेवटचा टाका, तिने बाहेर उभे राहायचे," सुमेधा म्हणाली. "राज्याचा कायदा आहे. तुझ्या जन्मानंतर पट्टी फाटली नव्हती, म्हणून तुम्हा मुलांना ठाऊक नाही."

"म्हणून तुम्ही सुई घेत होतात?"

"शाल उबदार असते, हेही खरे."

"सांगितले का नाही, बाई?"

"तुझा हात कापू लागला असता. कापऱ्या हाताचा टाका धरत नाही."

वल्लरी रडू लागली. टिटवी तिच्या खांद्यावर येऊन म्हणाली, "रडणे नंतर. ओवलेली सुई दालनात नाही, तरुण खुंट बाहेर नाही. जगात नाही ते मागणाऱ्या मांत्रिकाला तिसरी गोष्ट मागता येत नाही. त्यांच्या शास्त्रात तसे लिहिले आहे. धाव."

वल्लरी धावली. विहिरीत उतरून तिने दोन्ही तळवे पसरले. "तुम्ही जे मागितले ते या राज्यात नाही," ती म्हणाली. कालकंठाने तिच्या हातांकडे पाहिले, टिटवीकडे पाहिले आणि गाठ तिच्या पुढ्यात टाकली.

ती परत आली तेव्हा राख सुमेधेच्या गळ्यापाशी पोचली होती.

"गाठीला दोन टोके आहेत," वल्लरी म्हणाली. "एक माझ्या हातात आहे. दुसरे तुमच्या बाजूने ओढायला हवे. पण तुमचे हात..."

"हात गेले," सुमेधा म्हणाली. "दात आहेत. पडले नाहीत अजून."

म्हणजे ते बोलणे दालनापर्यंत पोचले होते. वल्लरीची मान खाली गेली.

"वर बघ, पोरी. टोक दे."

वल्लरीने काळ्या धाग्याचे टोक तिच्या दातांत दिले. दोघींनी ओढले. गाठ सुटली. त्याच क्षणी नगरावर चांदव्याचे टाके आपोआप आवळले गेले. फक्त चौकावरची पट्टी उघडी राहिली, कारण ती आता उसवलेली नव्हती, फाटलेली होती.

पण सुमेधेच्या अंगावरची राख उतरली नाही. सुटला तो शाप होता. कायदा हा शाप नव्हता, त्यामुळे त्याला काही झाले नाही. राख हनुवटीवर आली, ओठांवर आली. काळ्या धाग्याचा तुकडा तिच्या दातांतच राहिला.

वल्लरीने शिवणशाळेत बसून चौकाची पट्टी नव्याने शिवली. काम संपत आले तसा चित्रांगद उठून आला आणि त्याने हात पुढे केला.

"आज नाही, आजोबा. आज मी घालते."

"फाटली तर?"

"रांगेत जागा आहे. मी पाहून आले."

चित्रांगद तिच्या शेजारी खाली बसला. त्याने सुई घेतली नाही, तिच्या बोटांवर आपली बोटे ठेवली. टाका दोघांनी घातला. धागा तोडायला दोघेही वाकले आणि त्यांची कपाळे एकमेकांवर आपटली. त्या दिवशी शिवणशाळेत एवढेच काय ते हसू झाले.

राजा प्रसेन आला. "पट्टी कोणाची?" त्याने विचारले.

"माझी," दोघेही म्हणाले.

कायद्यात एकाच हाताचा उल्लेख होता. राजाने पंडितांना विचारले. पंडितांनी पोथ्या चाळल्या आणि दोन हातांचा टाका कोठे सापडत नाही असे सांगितले. "म्हणजे यापुढे कोणालाच बाहेर उभे करता येणार नाही," राजा म्हणाला. मग त्याने वेशीचे दार खिळे ठोकून बंद करवले. सुमेधा त्या दाराबाहेर उभी केलेली शेवटची, असे नगरात लिहून ठेवले गेले.

खोकला हळूहळू थांबला. हौदांतले पाणी निवळले. शिवणशाळेत आता दोन दालने नाहीत. सकाळी कोणीतरी वृद्धाजवळ बसते आणि मोठ्याने विचारते, "ओवून देऊ?" वृद्ध कुरकुरत सुई पुढे करतात. शाल मात्र अजून एकच मिळते. ती आळीपाळीने पांघरतात आणि त्यावरून थोडे भांडतातही.

वल्लरी पुढे ज्येष्ठा झाली. तिचे केस पिकले. वर्षातून एकदा ती राजाकडून दाराचे खिळे काढवून घेई, राखेत उतरे आणि रांगेतले एकेक कपाळ पुसत शेवटापर्यंत जाई. परत येईतो पहिल्या कपाळावर राख बसलेली असे. आणि त्या राज्यावर आजही राख पडते, पण आत कोणी खोकत नाही, इतकेच सांगून ही कथा आपली सुई टोचून ठेवते.