आग्रहाचं तूप

फार जुनी गोष्ट. मुलांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी तर कान उघडे ठेवून ऐकावी. डोंगरापलीकडच्या एका राज्यात राजे पन्नाशी पाहत नसत. राजाचे आजोबा गेले, वडील गेले. दोघेही छातीवर हात दाबून. वडीलधारे म्हणत, "घराण्याला शाप आहे!"

कसला शाप! राजाने जमिनीला पाय लावायचा नाही, देवळातही मेण्यातून जायचं. पंगतीत प्रत्येक मानकऱ्याने आग्रहाने वाटीभर तूप वाढायचं. राजा नको म्हणाला, तर मानकऱ्याचा अपमान. वर हुक्का होताच.

राजकन्या वैद्यांकडे शिकलेली होती. ती म्हणाली, "आबा, नळात क्षार धरतो ना, तसा रक्तवाहिन्यांत थर धरतो. त्या कडक होतात, रक्ताला वाट उरत नाही. तूप कमी करा, थोडं चाला. तो हुक्का सोडा."

राजा हसला. "अगं, आमच्या बापजाद्यांनी हेच केलं."

"आणि कितव्या वर्षी गेले?"

मग थोरले मानकरी खाकरले. "पोरींनी मोठ्यांना शहाणपण शिकवू नये. महाराज, आमची वाटी राहिली."

राजाने वाटी रिकामी केली. त्याच वर्षी दसऱ्याच्या पंगतीत त्याचा हात छातीवर गेला आणि तो पानावरच कोसळला.

"शाप!" वडीलधारे कळवळले.

तेराव्याला राजकन्येचा धाकटा भाऊ राजा म्हणून पाटावर बसला. थोरल्या मानकऱ्यांनी तीच वाटी पुढे धरली. "घ्या महाराज, एवढी आमच्यासाठी. आबासाहेबांना फार आवडायचं."

राजकन्येने वाटी हिसकावली आणि त्यांच्याच पानात उपडी केली.

"माझ्या बापाला मानाने मारलंत, आता भावाला मारताय? त्याच्या अंगात तेच रक्त आहे, म्हणून तर त्याला जास्त जपायचं!"

"पोरी, ही रीत आहे!" मानकरी म्हणाले.

"मग त्या रीतीचंही तेरावं आजच उरका. पानं मांडलेलीच आहेत."

भाऊ पाटावरून उठला. दाराशी भोयांनी मेणा उचलायला खांदे वाकवले. तो मेण्याला वळसा घालून डोंगरावरच्या देवळाकडे पायी निघाला.

पुढे नातवंडांचे हात धरून तो तोच डोंगर चढत असे. शाप काही त्याला गाठायला आला नाही.

तात्पर्य: बापजाद्यांचं रक्त नाकारता येत नाही, त्यांच्या घातक सवयी मात्र नाकारता येतात, आणि नाकारल्याच पाहिजेत.