शेवरीच्या दारावरचा साग

रेषा ओढणाऱ्याने रेषा ओढाव्यात, खाली कोणतं लाकूड आहे ते विचारू नये. एका गावात असा नियम होता. तो का आहे, हेही विचारायचं नाही, असा त्याचाच पुढचा नियम होता.

ही गोष्ट फार जुन्या काळातली. राजाच्या महालासाठी तोडता तोडता जंगलातला साग संपून गेला होता. त्या जंगलाच्या काठी हे गाव होतं. गावात कोणाचं दार आंब्याचं, कोणाचं मऊ, हलक्या शेवरीचं, तर कोणाचं जुन्या फळ्या ठोकून केलेलं. पण रस्त्यावरून चालणाऱ्याला प्रत्येक दार सागाचंच दिसे. ही किमया गावातल्या रंगाऱ्यांची.

रंगारी दाराला आधी जवसाच्या तेलात कालवलेली पिवळी माती लावत. ती वाळली की वर काव म्हणजे तांबडी माती आणि काजळी यांचा पातळ हात देत, आणि तो ओला असतानाच शिंगाची फणी वरून खाली ओढत. फणी जरा थरथरवली की रेषा वळे. अंगठा दाबून फिरवला की लाकडातली गाठ उमटे.

या रंगाऱ्यांच्या घरात एक मुलगी होती. तिच्या काकांनी, म्हणजे तात्यांनी, तिला फणी धरायला शिकवलं होतं. तिच्या हातची गाठ बघून सुतारही फसे. तिला हे काम मनापासून आवडे. ओल्या रंगातून फणी फिरू लागली की तिला वाटे, शंभर वर्षांचं झाड आपण एका सकाळीत वाढवतोय.

फक्त तो नियम तिच्या घशाखाली उतरत नसे.

“का विचारायचं नाही, तात्या?”

“कारण विचारायचं नसतं.”

“हे काय उत्तर झालं?”

“तुझ्या बापालाही एवढंच मिळालं होतं. तो जेवून गुपचूप झोपायचा. तूही झोप.”

एकदा त्या गावात एक विणकरीण राहायला आली. तिचा नवरा वारला होता आणि पदरात दोन लहान मुलं होती. गावात कापड विणणारं कोणी नव्हतं, म्हणून पाटलांनी आनंदाने तिला एक घर दिलं. घर गावाच्या टोकाला होतं. मागे लगेच जंगल. नुकतीच तिथल्याच गोठ्यातून बिबट्याने शेळी उचलून नेली होती.

त्या घराचं दार रंगवायला तात्यांनी पुतणीला पाठवलं. एक फळी झकास झाली. दुसऱ्या फळीला मधोमध चीर होती, म्हणून मुलगी तिच्यात लांबी, म्हणजे भेगा बुजवायचा लगदा, भरायला गेली, तर उकडलेल्या रताळ्यात जावी तशी पट्टी आत गेली. तिने नख रोवून पाहिलं. नखही रुतलं. लाकूड शेवरीचं होतं, आणि तेही कुजलेलं.

तेवढ्यात विणकरीण मुलांना घेऊन आली. नव्या माणसाला घर दाखवायला पाटील, तात्या आणि गावातली दोन-चार म्हातारी माणसंही बरोबर होती.

“अगं बाई, सागाचं दार!” विणकरीण हरखून म्हणाली. “जन्मात कधी सागाच्या दाराआड झोपले नाही. सुताराकडून दाराला आतून लावायचा आडणा करून घेणार होते मी. आता कशाला लागतोय? नुसती कडी पुरे.”

मुलीने फणी खाली ठेवली.

“ताई, हा साग नाही. शेवरी आहे. बिबट्या लांब राहिला, बोकडाने ढुशी मारली तरी हे दार आत पडेल.”

“जिभेला काही हाड?” तात्या कडाडले. “गावाचा नियम मोडलास!”

पाटलांनी तात्यांना हाताने थांबवलं. “पोरी, नियम का झाला ते आज ऐक. गरिबाला आपल्या दाराची लाज वाटू नये म्हणून झाला. सगळी दारं सारखी दिसली की कोणी कोणाला कमी लेखत नाही. यात वाईट काय आहे?”

“काहीच नाही,” ती म्हणाली. “चांगलं कारण आहे. मग इतकी वर्षं सांगायला काय झालं होतं? पण पाटीलबाबा, हा नियम रस्त्यावरून जाणाऱ्यासाठी आहे. ही बाई तर या दाराच्या आत झोपणार आहे.”

“आम्ही सगळे अशाच दारांआड झोपतो,” एक म्हातारबा म्हणाले. “काय वाकडं झालं आमचं?”

“आजोबा, काल रात्री दाराला आतून जातं न लावता कोण झोपलं?”

म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

“रोज दिवे लागले की घराघरांतून जातं सरकवल्याचा आवाज येतो. आपलं दार कसलं आहे ते आपल्याला ठाऊक असतं. हिला कोण सांगणार होतं?”

“ते मागाहून बघू,” तात्या दबक्या आवाजात म्हणाले. “आधी दार पुरं कर.”

“नाही करणार. आधी इथे भक्कम दार बसवा, लाकूड कुठलंही असो. मग त्याच्यावर मी असा साग काढीन की राजाला हेवा वाटेल. पण या दारावर आता एकही रेष ओढणार नाही. तुम्ही सांगितलंत तरी नाही, तात्या.”

म्हातारबा काठीच्या टोकाने माती उकरू लागले. पाटील जंगलाकडे बघत राहिले.

विणकरणीने धाकट्याला कडेवर घेतलं, थोरल्याचं बोट धरलं आणि गाठोडं उचलून ती सरळ पाटलांच्या ओसरीवर जाऊन बसली. नवं दार होईपर्यंत ती तिथेच राहणार हे सगळ्यांना कळलं. पाटलांनी सुताराला बोलावणं धाडलं.

मुलांनो, आणि मुलांपेक्षाही मोठ्यांनो, लक्षात ठेवा: वस्तू सजवण्यात खोटेपणा नाही, पण जिच्या भरवशावर कोणी डोळे मिटणार आहे, तिचं खरं रूप त्याच्यापासून लपवू नये.