बाप्पामागचा दिवा

गाड्या बोलायच्या, पण माणसांना ऐकू येत नसे, तेव्हाची गोष्ट. दिगंबर खोतांच्या नव्या गाडीत काट्यांशेजारी एक पिवळा दिवा राहायचा. इंजिनाला दुखलं-खुपलं की त्यानं पेटायचं.

एकदा तो पेटला. गॅरेजवाल्यानं इंजिन न तपासताच मशीन लावून दिवा तेवढा विझवला. "गाडी बरी झाली!" खोत म्हणाले. दिवा पुन्हा पेटला. वैतागून खोतांनी त्याच्यावर बाप्पाचं पातळ स्टिकर चिकटवलं.

"आता कशाला जळतोस? कोण बघतंय?" पेट्रोलच्या काट्यानं विचारलं.

"दुखणं अजून आहे ना," दिवा म्हणाला आणि एकटाच जळत राहिला.

तिन्हीसांजेला घाटात गाडी बंद पडली. खोतांनी स्टिकरपुढे हात जोडले आणि बायकोला म्हणाले, "बघ, बाप्पामागे केवढं तेज आहे!"