जाईचा आडोसा

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. राज्य कुठलं ते मला ठाऊक नाही, आणि ठाऊक नसल्यानं काही अडतही नाही. त्या राज्यातल्या एका गावात एक चितारी आणि त्याची बायको राहत होती.

चिताऱ्याच्या हातात कला होती. पण एकदा देवळाचं छत रंगवताना तो वरून पडला आणि पाय मोडून घरी बसला. माणसं चार दिवस आली, हळहळली आणि आपापल्या कामाला लागली. त्यात त्यांची चूक नाही. जगाला कामं असतात. परसात मात्र रोज वर्दळ असे. साळुंक्या भांडायला येत, खार शेंगा पळवायला येई, मुंगूस कुंपणाखालून डोकावून जाई. खाटेवर पडल्या पडल्या चितारी त्यांना बघू लागला, आणि बघता बघता त्यांची चित्रं काढू लागला. पाय बरा होईपर्यंत त्याचं मन त्या जिवांनीच तगवलं.

"यांचे माझ्यावर फार उपकार आहेत गं," असं तो येताजाता बायकोला सांगे.

"मग त्यांचं पाण्याचं परळ तरी भरून ठेवा," बायको म्हणे.

होता होता चित्रांची कीर्ती राणीच्या कानावर गेली. तिनं लाकडी चौकटीवर ताणलेलं एक जाड, पांढरंशुभ्र कापड पाठवलं. सोबत निरोप होता : "पिल्लांना भरवणारा बुलबुल यावर रंगवून आण. पौर्णिमेला दरबारात चित्रं मांडायची आहेत. ज्याचं पसंत पडेल, तो राजवाड्याचा चितारी."

योग असा, की तेव्हाच परसातल्या जाईच्या वेलात बुलबुलाच्या जोडीनं घरटं केलं होतं. आत तीन पिल्लं होती. पण वेल दाट. चिताऱ्याला दिसे ती नुसती आईची शेपटी. तो डावीकडून बघे, उजवीकडून बघे, पाटावर चढून बघे. असे दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी त्यानं कात्री आणली.

"अहो, हे काय करताय?" बायकोनं विचारलं.

"चार फांद्या काढतो. काही दिसतच नाही."

"बाळंतिणीच्या खोलीचं दार कोणी काढून ठेवतं का? आडोसा बघूनच बसलीय ना ती तिथे?"

"मी काय त्यांना खातोय?" असं म्हणून चिताऱ्यानं वेल छाटला.

घरटं लख्ख दिसू लागलं. तीन चोची वासलेल्या, वर आई चोचीत अळी घेऊन उभी. चितारी हरखून गेला. पण जे त्याला दिसलं, ते कावळ्यालाही दिसलं. चितारी रंग कालवायला वळला तेवढ्यात कावळ्यानं झडप घातली आणि एक पिल्लू उचलून नेलं. आईबाप आकांत करत घिरट्या घालू लागले. उरलेली दोन्ही पिल्लं उन्हाच्या तडाख्यानं मलूल पडू लागली.

चितारी रंग टाकून धावला. ज्यांनी आपल्याला तगवलं त्यांच्याच घरावर आपण कात्री चालवली, या विचारानं त्याला रडू कोसळलं. "मी सांगत होते" असं बायको म्हणाली नाही. मंडळी, याला फार मोठं मन लागतं. ती एवढंच म्हणाली, "आधी ऊन अडवा."

त्यांनी लुगडं बांधून पाहिलं. ते वाऱ्यानं फडफडे आणि आई बिचकून दूर पळे. मग चिताऱ्यानं राणीचं कापड चौकटीसकट उचललं आणि दोन बांबू रोवून घरट्यावर बांधलं.

"अहो, राणीसाहेबांचं आहे ते!"

"असू दे. याहून चांगलं काम त्याला मिळायचं नाही."

आणि काठी घेऊन तो जरा लांब बसला. कावळा आला की उठायचं, हाकलायचं, पुन्हा बसायचं. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत हेच, चांगले आठ दिवस. कुंचला धरायची सोय नव्हती, त्यामुळे नुसतं बघणं उरलं. बाप अळी फांदीवर आपटून मऊ करतो, दुपारच्या वेळी आई पंख पसरून पिल्लांवर सावली धरते, हे त्याला तेव्हा कळलं. इतकी पाखरं रंगवली, पण नीट पाहिली ती आत्ता, असं त्याला वाटलं. नवव्या दिवशी दोन्ही पिल्लं उडाली, तेव्हा तो हात जोडून उभा राहिला.

पौर्णिमेला दोन दिवस उरले होते. कापड उन्हानं पिवळं पडलं होतं, त्यावर पाखरांचे प्रसादही होते. चिताऱ्यानं ते पुसलं आणि त्यावरच चित्र काढलं.

दरबारात सोन्याच्या वर्खाची झगझगीत चित्रं मांडली होती. त्यांत हे एक मळकट कापड. त्यावर जाईचा दाट वेल आणि चोचीत अळी घेऊन आत शिरणारा बुलबुल.

"पिल्लं कुठे आहेत?" राणीनं विचारलं.

"आत आहेत, राणीसाहेब."

"दिसत नाहीत ती!"

"दिसली की कावळा नेतो. एक नेलंच, माझ्या कात्रीपायी." चिताऱ्यानं घडलं ते सगळं सांगितलं. स्वतःची चूक जराही झाकली नाही.

राणी उठून चित्राजवळ आली. मग म्हणाली, "माझ्या बागेत वीस माळी रोज कात्री चालवतात. सगळं कसं रेखीव आहे. पण पाखरू म्हणून फिरकत नाही. आज कारण कळलं."

राजवाड्याच्या चिताऱ्याचं पद तिनं दुसऱ्याला दिलं. त्याचं चित्र मागितलं होतं तसं होतं, आणि सुरेखही होतं. मळकट कापड मात्र तिनं बागेच्या दारात लावलं आणि माळ्यांच्या कात्र्या खुंटीला टांगायला सांगितल्या.

चितारी घरी आला. "मिळालं का पद?" बायकोनं विचारलं.

"नाही."

"मग डोळ्यांत पाणी असून हसताय कसे?"

"एका पिल्लाचा मी गुन्हेगार आहे, ते ओझं जायचं नाही. पण राणीच्या बागेत आता कितीतरी पिल्लं वाढतील. मोडल्या पायाच्या माणसाकडे रोज येणाऱ्यांचे उपकार कसे फेडावे, मला सुचत नव्हतं. त्यांनीच वाट दाखवली."

दोन वर्षांत राणीची बाग पार अस्ताव्यस्त झाली आणि किलबिलाटानं भरून गेली.

म्हणून सांगतो, बाळांनो आणि बाळांच्या आजोबांनो : ज्याला डोळे भरून पाहावंसं वाटतं, त्याचा आडोसा आधी जपावा.