नदीकाठचा धूर

एका रुंद नदीच्या दोन काठांवर दोन जंगले होती. पलीकडच्या जंगलात अस्वले राहत. मोहाची फुले भाजून साठवण्यासाठी त्यांच्या मोठमोठ्या भट्ट्या पिढ्यान्‌पिढ्या पेटत आल्या होत्या, त्यामुळे तिकडे कुणी उपाशी झोपत नसे. अलीकडच्या जंगलात ससे, साळू आणि एक म्हातारे सांबर राहत. उन्हाळ्यात त्यांची पिल्ले भुकेने रडत. म्हणून त्यांनीही कंद भाजून ठेवायला नुकतीच एक लहान भट्टी लावली होती. पण आता आभाळात इतका धूर साचला होता, की भर दुपारीही दोन्ही काठांवर अंधारल्यासारखे वाटे आणि जो तो खोकत असे.

अस्वलांचा प्रमुख नदी ओलांडून आला आणि म्हणाला, "आम्ही एक उपाय शोधला आहे. भात्याने वारा घालून धूर बांबूच्या नळीतून जमिनीत खोल ढकलायचा आणि तिथेच कोंडायचा. तुम्हीही तसेच करा, नाहीतर भट्टी विझवा."

सांबर शांतपणे म्हणाले, "आभाळ भरले ते तुमच्या धुराने, दादा. आमची भट्टी कालची. ती विझवली तर पिल्लांना काय खायला घालू?"

प्रमुखाला ते पटले. त्याने तराफ्यावरून एक भाता आणि नळ्या पाठवून दिल्या. वापरायचे कसे, हे दाखवायला मात्र कुणीच आले नाही. सशांनी हौसेने जवळच्याच कपारीत नळी खोचली आणि भाता चालवला. धूर दिसेनासा झाला, तसे ते आनंदाने नाचले. पण कपारीला आतून भेग होती. धूर त्या भेगेतून एका साळूच्या बिळात शिरला. साळू घरी परतली, तेव्हा तिचे पिल्लू निपचित पडले होते. तिने त्याला ओढत बाहेर आणले, नदीचे पाणी तोंडावर मारले. बऱ्याच वेळाने त्याने श्वास घेतला.

"तुमचा भाता घेऊन जा!" ती काठावरून ओरडली.

"भाता चांगलाच आहे, यांना वापरता येत नाही," पलीकडून कुणीतरी म्हणाले. पण भाता जिने बनवला होता, ती अस्वलीण मुकाट्याने पाण्यात उतरली आणि पोहत अलीकडे आली. तिने पिल्लाकडे पाहिले आणि मान खाली घातली. "वस्तू पाठवली, पण सोबत कुणी आले नाही. चूक आमची आहे. चल, दुसरी जागा शोधू."

साळू म्हणाली, "आज शोधशील, उद्या निघून जाशील. धूर मात्र आमच्या घरांखाली राहील. तो पुन्हा बाहेर आला, तर?"

अस्वलीण तिथेच काठावर बसली. मग म्हणाली, "तर मी जात नाही."

आणि ती खरोखरच राहिली. कोणत्या खडकात धूर टिकतो, हे तिला ठाऊक होते. कुणाचे बीळ कुठवर गेले आहे, हे साळूला. दोघींनी खूप हिंडून वस्तीपासून दूर, चिकणमातीच्या जाड थराखालची एक पोकळी निवडली. या वेळी धूर आतच राहिला. पुढे अस्वलांकडची जमीन धुराने भरत आली, तेव्हा त्यांनी आपला धूर लांब नळ्यांतून इकडे आणण्याची परवानगी मागितली. "आणा," सांबर म्हणाले, "पण राखणीला तुमचेही कुणी असू द्या, आणि भट्ट्या थोड्या कमी करा." अस्वलांनी कुरकुरत का होईना, मान्य केले.

आभाळ काही लगेच निवळले नाही. पण रोज सकाळी एक अस्वल आणि एक साळू धूर गळतो का, हे हुंगायला पोकळीवरच्या मातीला नाक लावून बसतात. "आज ठीक आहे," असे दोघेही म्हणाले, की मगच दोन्ही काठांवरच्या भट्ट्या पेटतात.

तात्पर्य : संकट सगळ्यांचे असेल, तर उपाय नुसता पाठवून भागत नाही, त्यातला धोकाही सोबत राहून वाटून घ्यावा लागतो.